नग बारा, तारे पाच

वसाहतीच्या सेक्रेटरींनी कोंबड्याविरुद्ध नोटीस काढली, ती सर्वप्रथम स्वतःच्या घरावर बजावली. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच. वसाहतीत घरं अठरा, पण कोंबड्या पाळणारं घर एकच, सेक्रेटरींचं. तेव्हा दुसऱ्या कुणावर बजावायची सोयही नव्हती. तक्रार शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची होती. पहाटे कोंबडा आरवतो आणि झोपमोड होते, एवढंच त्यांचं म्हणणं. सेक्रेटरींनी तक्रारीला आवक क्रमांक दिला, स्वतःकडून खुलासा मागवला, खुलासा मुदतीत आला नाही म्हणून स्वतःला स्मरणपत्र धाडलं, आणि शेवटी कोंबडा हद्दीबाहेर हलवण्याचा हुकूम काढून त्याची पोच स्वतःच्याच सहीने घेतली.

कोंबडा मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेला. शिंप्याचं दुकान वसाहतीच्या भिंतीला लागूनच होतं. त्यामुळे कोंबडा पूर्वीच्याच वेळी आणि पूर्वीइतकाच मोठ्याने ऐकू यायचा, पण आता तो हद्दीबाहेरून आरवत होता. समाधान झाल्याचं डॉक्टरांनी लेखी कळवलं.

सेक्रेटरींना असं कागदोपत्री मिटलेलं प्रकरण मनापासून आवडे. एकतीस वर्षं त्यांनी आवक-जावक विभागात काढली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यावर एकदाही ठपका आला नाही, तो एका तत्त्वामुळे: विचारलं असेल तेवढंच लिहायचं. रकान्यात वय विचारलंय ना, वय लिहा. तब्येत विचारलेली नाही, तर ती आपल्यापाशी ठेवा. जादा लिहिणारे कितीतरी हुशार लोक त्यांनी चौकशीच्या फेऱ्यात अडकताना पाहिले होते. निवृत्तीनंतरही हे तत्त्व त्यांनी सोडलं नाही, आणि घरात तर ते जास्तच उपयोगी पडत होतं.

घरात कोंबड्यांचं खातं बायकोकडे होतं. चार कोंबड्या होत्या. त्यातली ठिपक्याठिपक्यांची कवडी ही तिच्या आईकडून आलेल्या जातीतली शेवटची. एक लंगडी होती, तिच्या अंड्याच्या निमुळत्या टोकाला नेहमी एक बारीक सुरकुती असायची. उरलेल्या दोघी एकमेकींसारख्या दिसत असल्याने त्यांना नाव नव्हतं. कोंबडा गेल्यावर महिन्याभराने कवडी खुडूक बसली. म्हणजे खाणंपिणं कमी करून, पिसं फुगवून, रिकाम्या टोपलीत ठाण मांडून बसली, आणि हात लावायला गेलेल्याला चोच मारू लागली.

"अहो, तिच्याखाली ठेवायला अंडी हवीत," बायको म्हणाली. "पिल्लं निघतील अशी. आता तिचं वय झालं. पुन्हा खुडूक बसेल न बसेल. यंदा तिच्या पोटाखाली चार पिल्लं दिसू देत, मग मला काही नको."

"आपल्या कोंबड्यांची ठेव की."

बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात कोंबडा, नोटीस, स्मरणपत्र आणि पोच असं सगळंच होतं. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "बघतो," ते म्हणाले.

बघायचं म्हणजे आता मोबाइलमध्येच. उबवणीची अंडी घरपोच मागवता येतात हे त्यांना दहा मिनिटांत कळलं, आणि पुढचे तीन दिवस ते तुलना करत बसले. पण तुलना करायला काही वावच नव्हता. झाडून सगळ्या विक्रेत्यांना पाच तारे होते. ज्याला साडेचार होते त्याने जाहीर माफी मागितली होती. शेवटी 'आदर्श उबवणी सेवा' नावाच्या विक्रेत्याकडे त्यांनी बारा नगांची मागणी नोंदवली.

खोकं आलं तेव्हा सेक्रेटरींचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी नीटस आवक त्यांनी पाहिली नव्हती. आत भुसा, भुशात पुठ्ठ्याची घरटी, प्रत्येक अंड्याला बुडबुड्यांच्या प्लास्टिकचा स्वतंत्र अंगरखा, वर विक्रेत्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी: 'आपल्या विश्वासाचे आम्ही ऋणी आहोत.' एकही अंडं तडकलेलं नव्हतं. सोबत सूचनापत्र होतं. अंड्यांना चोवीस तास निमुळतं टोक खाली करून विसावा द्यावा, मग ती उबवणीच्या यंत्रात ठेवावीत, आणि अभिप्राय अठ्ठेचाळीस तासांत नोंदवावा.

"यंत्र कशाला?" बायको म्हणाली. "कवडी बसलीय ना."

"सूचनेत कोंबडीचा उल्लेख नाही. कोंबडीखाली ठेवली तर हमी रद्द होते."

"हमी कसली आहे?"

सेक्रेटरींनी चिठ्ठी पुन्हा वाचली. हमी कसलीच नव्हती. पण जी नव्हती ती रद्द होऊ नये म्हणून त्यांनी यंत्र मागवलं. कवडी परसातल्या खुराड्यात रिकाम्या टोपलीवर बसून राहिली आणि बैठकीत, टीव्हीच्या जागी, यंत्र दर तासाला टुंग करू लागलं.

अठ्ठेचाळीस तास संपायच्या आत मोबाइलने आठवण केली. प्रश्न चार होते. खोकं वेळेत आलं का? खोकं सुस्थितीत होतं का? विक्रेत्याची भाषा सौजन्याची होती का? खोक्याचा फोटो जोडाल का? अंड्यातून पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात आणि अभिप्रायाला दोन, हे गणित सेक्रेटरींच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण पिल्लांबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी चारही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं दिली. पाच तारे झाले.

सातव्या दिवशी त्यांनी पडदे ओढून अंडी एकेक करून बॅटरीवर धरली. आत जीव असेल तर लालसर शिरांचं जाळं दिसतं म्हणे. बाराही अंड्यांच्या आत स्वच्छ पिवळा उजेड होता. "निर्मळ आहेत," ते म्हणाले. बायकोने पडदे उघडले. आपली वाचण्यात चूक झाली असेल या आशेवर त्यांनी एकवीस दिवस काढले, वर तीन दिवसांची सवलत दिली, आणि मग बायकोनेच ती अंडी परसात खड्डा करून पुरली. कवडी तोवर उठली होती.

सेक्रेटरींनी विक्रेत्याला पत्र लिहिलं. चार मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे ते तयारच होतं. मुद्दे चार: वाहतुकीत अंडी हलली असतील, आपला तापमापक चुकला असेल, आपल्या घरातली हवा कोरडी असेल, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. शेवटी ऋणी असल्याचं पुन्हा कळवलं होतं. पत्र इतकं निर्दोष होतं की सेक्रेटरींना रागाच्या भरातही त्याची नक्कल काढून ठेवावीशी वाटली. ठेवलीही.

मग ते वर गेले, म्हणजे संकेतस्थळाच्या तक्रार कक्षाकडे. कक्षाने कळवलं की अभिप्रायाची मुदत संपली आहे, दिलेले तारे परत घेता येत नाहीत, आणि मुदतीनंतरची तक्रार फक्त नोंदणीकृत विक्रेताच करू शकतो, कारण त्यालाच या व्यवसायातलं कळतं. सेक्रेटरींना हे पटलं. कोंबड्या घरात होत्याच. त्यांनी विक्रेता म्हणून नोंदणी करायचं ठरवलं, केवळ तक्रारीपुरती.

नोंदणीच्या अर्जात सदतीस रकाने होते. कोंबड्या किती, रंग कोणते, खोक्याची जाडी, भुशाचा प्रकार, प्लास्टिकचे थर, कोंबडीचा डावीकडे तोंड केलेला फोटो. सेक्रेटरींनी एकेक रकाना टाक झिजवून लिहावा तसा भरला. कोंबडा आहे का, असा रकाना सदतिसांत नव्हता. त्यांनी दोनदा शोधला. शेवटचा रकाना 'शेरा, असल्यास' असा होता. त्यावर त्यांचं बोट जरा रेंगाळलं, हे कबूल केलं पाहिजे. मग त्यांनी लिहिलं: 'नाही.'

नोंदणी झाली तेव्हा कळलं की तक्रार करायला आधी दहा खोक्यांची विक्री पूर्ण झालेली लागते.

"अंडी विकायचं म्हणतोय मी. मोबाइलवरून," ते बायकोला म्हणाले.

"विका. चौघींची मिळून खाऊन संपत नाहीतच." थोडा वेळ ती त्यांचं खोकं भरणं बघत राहिली. "खायच्या अंड्यांची एवढी बडदास्त?"

"फुटू नयेत म्हणून," सेक्रेटरी म्हणाले. उत्तर शंभर टक्के खरं होतं. खायची की उबवायची हे तिने विचारलं नव्हतं.

आणि हा माणूस खोकं काय भरायचा! एकतीस वर्षं लखोटे डकवलेला हात तो. भुसा चाळून घ्यायचा, पुठ्ठ्याच्या घरट्यांच्या कडा कातरीने गोल करायचा, दोऱ्याची गाठ अशी मारायचा की एक टोक ओढलं की सगळं फुलासारखं उमलावं. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, ऋणाची. पहिल्या खोक्याला पाच तारे मिळाले, दुसऱ्याला मिळाले, नवव्याला मिळाले. 'खोकं इतकं देखणं की उघडवेना' असा एक अभिप्राय आला. तो प्रस्तुत लेखकाचा आहे. लेखकाने खोक्याचे तीन फोटोही जोडले होते.

एकविसाव्या दिवसानंतर ग्राहकांची पत्रं यायला लागली. सेक्रेटरींकडे नक्कल होतीच. वाहतूक, तापमापक, हवा, निसर्ग. पहिल्या वेळी पाठवायला त्यांना दोन दिवस लागले, दुसऱ्या वेळी दोन तास, आणि चौथ्या वेळी त्यांनी 'निसर्गापुढे'च्या आधी 'अखेर' हा शब्द घालून वाक्य जरा वळणदार केलं. लोक उलट आभार मानत. एका आजीबाईंनी तर आपल्या घरातल्या हवेबद्दल क्षमा मागितली. ते पत्र वाचल्यावर सेक्रेटरींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

दहा खोकी पूर्ण झाली. पण तोवर ताऱ्यांच्या जोरावर ते 'मार्गदर्शक विक्रेता' झाले होते, आणि मार्गदर्शकाने दुसऱ्या विक्रेत्याची तक्रार करणं हे व्यावसायिक असूयेत मोडतं, असं कक्षाने कळवलं. त्याऐवजी कक्षाने त्यांना 'यशस्वी उबवणीची सूत्रं' या विषयावर मोबाइलवरून बोलायला बोलावलं. आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही पिल्लू न काढलेला हा माणूस पाऊण तास बोलला. अध्यक्षस्थानी आदर्श उबवणी सेवावाले होते. त्यांनी सेक्रेटरींच्या गाठीची स्तुती केली, सेक्रेटरींनी त्यांच्या अंगरख्यांची केली. नंतर दोघे अर्धा तास खासगीत बोलले, भुशाबद्दल. एकमेकांना नको तो प्रश्न दोघांनीही विचारला नाही, आणि दोघांचेही त्या दिवसापासून घरोब्याचे संबंध झाले.

अशात कवडी पुन्हा खुडूक बसली. बायको आठवडाभर तिच्याजवळ बसून होती. मग एके दिवशी दुपारी दारात कुरिअरवाला आला.

"काकू, तुमचं पार्सल," तो म्हणाला. सेक्रेटरी बाहेर आले तेव्हा तो डोकं खाजवत होता. "काका, हे खोकं गेल्या सोमवारी मी इथूनच नेलं होतं. ओळखलं मी गाठीवरून."

"मग परत कसं आलं?"

"परत नाही आलं, पोचलं. नेताना खोक्यावर फक्त क्रमांक असतो ना, पत्ता मोठ्या केंद्रात लागतो. इथून मोठ्या केंद्रात जायचं, तिथून वर्गवारी होऊन यायचं. सहा दिवस. जवळचा पत्ता असला तरी नियम तोच." त्याने सही घेतली आणि गेला.

बायकोने तोवर दोरा ओढला होता. खोकं उमललं. "मी मागवली," ती म्हणाली. "तुम्हाला त्या वेळी इतका त्रास झाला, म्हटलं या वेळी आपण बघू. ज्याचे तारे सगळ्यात जास्त, त्याची मागवली. नुसता मार्गदर्शक विक्रेता, नाव काही नाही. पण माणूस चांगला वाटतो. बघा, चिठ्ठीसुद्धा घातलीय." तिने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. सेक्रेटरींनी ती वाचली. अक्षर खरोखर सुवाच्य होतं.

अंडी बारा होती. तिसऱ्या घरट्यात, भुशातून डोकं काढून, एक अंडं होतं. त्याच्या निमुळत्या टोकाला बारीक सुरकुती होती.

सेक्रेटरींनी चोरून बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून अंड्यांचे अंगरखे काढत होती. सुरकुतीचं अंडं तिने हातात घेतलं, जरा थांबली, आणि इतरांसारखंच पुसून बाजूला ठेवलं. तिने ओळखलं नाही, असं त्यांनी ठरवलं. आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण तिने काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाराही अंडी कवडीच्या पोटाखाली सरकवली. म्हातारीने एकेक अंडं चोचीने ओढून आत घेतलं, पंख पसरले आणि डोळे मिटले. संध्याकाळी सेक्रेटरींच्या मोबाइलवर पाच तारे आले. अभिप्राय असा: 'पॅकिंग फार छान. विक्रेता प्रामाणिक असावा.'

ते एकवीस दिवस सेक्रेटरींना जन्मठेपेसारखे गेले. रोज सकाळी बायको कवडीला दाणा-पाणी देई, आणि कवडी घाईघाईने चार दाणे टिपून पुन्हा जागेवर जाई. ती वाळत चालली होती. सेक्रेटरी खुराड्यापर्यंत जात, घसा खाकरत आणि हवेबद्दल काहीतरी बोलून परत येत. आपण एक नंबरचे भेकड आहोत हे त्यांना आठव्या दिवशी कळलं, आणि पंधराव्या दिवशी त्याची सवय झाली. विसाव्या दिवशी त्यांनी ते चार मुद्द्यांचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तोंडी सांगायला सोपं जाईल असं जरा छोटं केलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी बायको खुराड्यासमोर पाटावर बसली होती. "अहो, इकडे या."

ते गेले. कवडी बसलीच होती. तिच्याखाली काहीही हललं नव्हतं.

"कसं आहे," सेक्रेटरींनी सुरुवात केली, "वाहतुकीत काय होतं, अंडी हलतात. शिवाय आपल्याकडची हवा..."

"एक विचारू?"

"विचार की."

"या अंड्यांना कोंबडा होता का?"

एकतीस वर्षं नोकरीत आणि पाच महिने या धंद्यात हजारो रकाने त्यांच्या नजरेखालून गेले होते. हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. आणि प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हेही त्यांच्या तत्त्वातच होतं.

"नव्हता," ते म्हणाले. मग पाटाशेजारी जमिनीवरच बसले. "तुला कधी कळलं?"

"खोकं उघडलं तेव्हाच. तीन वर्षं रोज उचलतेय मी लंगडीचं अंडं, मला कळणार नाही?"

"मग ठेवलीस का तिच्याखाली?"

"तुम्ही सांगाल म्हणून. मला वाटलं दोन दिवसांत सांगाल. मग वाटलं आठ दिवसांत. या म्हातारीला उपाशी मारलं आपण दोघांनी मिळून." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती कवडीकडेच बघत होती.

"आणि पाच तारे? ते का दिलेस?"

"पॅकिंग कसं होतं विचारलं त्यांनी. छान होतं. जे विचारलं तेवढंच लिहिलं."

बायको उठली, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या गल्लीत गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा कोंबडा तिच्या काखेत होता. शिंप्याने काही विचारलं नाही, घ्या म्हणाला. त्याचीही झोप होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची तक्रार आली. कोंबडा पहाटे आरवतो. तो मधले सात महिनेही आरवतच होता, पण आता तो हद्दीतून आरवत होता. सेक्रेटरींनी तक्रारीला आवक क्रमांक दिला आणि त्याच दिवशी उत्तर जावक केलं. वाहतुकीत आवाज वाढला असेल. आपलं घड्याळ चुकलं असेल. आपल्या खोलीची हवा कोरडी असेल. अखेर निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. डॉक्टरांनी आभार मानले.

कवडीला बायकोने पंधरा दिवस हाताने भरवून उभं केलं. दोन महिन्यांनी ती शेवटची खुडूक बसली. तिच्याखाली सात अंडी ठेवली, भुसा नाही, अंगरखा नाही, चिठ्ठी नाही. सहा पिल्लं निघाली, त्यातलं एक ठिपक्यांचं. सेक्रेटरींनी त्यांचा फोटो काढला आणि विकलेल्या प्रत्येक खोक्याबद्दलच्या लेखी कबुलीसह संकेतस्थळावर चढवला. कबुलीला रकाना नसल्याने ती आपोआप गळली. फोटो अमान्य झाला. कारण: 'छायाचित्रात खोके दिसत नाही.'

प्रस्तुत लेखक हा त्या पहिल्या दहा ग्राहकांपैकी एक असल्याने त्याला ही हकिकत सेक्रेटरींनी स्वतः येऊन सांगितली. तेव्हा लेखक ताठ बसून म्हणाला, "पण मला कोंबड्याचं विचारायचं सुचायला हवं होतं." लेखकाच्या कपाटावर ते रिकामं खोकं अजून होतं, तिकडे सेक्रेटरी बघत राहिले.

तुम्हालाही दुसऱ्या परिच्छेदापासून माहीत होतं की कोंबडा भिंतीपलीकडे शिंप्याकडे आहे. तो रोज पहाटे आरवत होता. सेक्रेटरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले, यंत्र आलं, खड्डा झाला, कवडी वाळली. एवढ्या वेळात तुमच्यापैकी कुणी विचारलंत का, की मग तो आणायला दहा मिनिटं लागतात, आणत का नाहीत? आता अभिप्राय नोंदवायला हरकत नाही. मुदत अठ्ठेचाळीस तास आहे, आणि प्रश्न फक्त खोक्याबद्दल आहेत.